चौक कोण आखतं? साताऱ्याचा पोवई नाका, सांगलीचा मारुती चौक आणि त्यामागचा हिशोब

पोवई नाक्यावर आठ रस्ते येऊन मिळतात. एसटी स्टँड गाठायचा असो, कलेक्टर कचेरीत काम असो की राजवाड्याकडे जायचं असो, साताऱ्यात नाका चुकत नाही. २०१८ मध्ये इथे ग्रेड सेपरेटरचं काम सुरू झालं आणि जानेवारी २०२१ मध्ये गाड्या जमिनीखालून धावू लागल्या. गाड्या खाली गेल्या म्हणजे वरची जागा मोकळी झाली, निदान कागदावर तरी. त्या जागेवर पहिला हक्क कोणाचा? चालणाऱ्याचा, रिक्षाचा, हातगाडीचा, दुकानासमोर लागणाऱ्या दुचाकींचा, की वाढदिवसाच्या फलकांचा? अशा कामाच्या प्रस्तावात वाहनांची मोजणी असते, खोदाईचे घनमीटर असतात, सळईचं वजन असतं. या प्रश्नाचं उत्तर देणारं पान नसतं.

चौक सुशोभीकरण म्हटलं की कारंजं, पुतळा, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिवा डोळ्यासमोर येतो. पण ही सगळी शेवटची भर असते. चौकाचा आकार त्याच्या बराच आधी ठरलेला असतो: जमीन कोणाच्या नावावर, पैसा कुठल्या हेडखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्याखाली, दुकानाचं भाडं किती. घोळ होतो तो इथे. बांधायचा पैसा वरून येतो, सांभाळायचा पैसा पालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतून जातो, आणि चौक सगळ्यात जास्त वापरणारी माणसं, म्हणजे पायी जाणारे, फेरीवाले, वडापची (शेअर जीपची) वाट बघणारे, यांची नोंद दोन्हीकडच्या वहीत नसते.

वाड्यापुढची मोकळी जागा

जुन्या गावात माणसं उगाच कुठेही जमत नसत. पाणी, देऊळ, नाहीतर सत्ता, यांपैकी काहीतरी तिथे असायचं. साताऱ्यातला कमानी हौद आणि पंचपाळी हौद नावातूनच सांगतात की लोक तिथे कशाला यायचे. पाण्याला आलेलं माणूस घागर भरेपर्यंत थांबतं, थांबलेल्या माणसापुढे कोणीतरी भाजीची पाटी मांडतं, पाटीशेजारी दुकान उघडतं. पुढे घरोघर नळ आले आणि हौदाचं काम संपलं, पण दुकानं हलली नाहीत. सांगलीत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी कृष्णाकाठी गणपती मंदिर बांधलं आणि त्याच्याच नावाची पेठ वाढली. तिथे वेगळा चौक कोणी आखला नव्हता. पेठेचा रस्ता हाच बाजार आणि हीच बसायची जागा.

साताऱ्याचा जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या काळातला. त्याच्यापुढचं मैदान हवा खेळावी म्हणून सोडलेलं नाही. वाडा लांबून दिसावा, स्वारी निघताना रयतेने बघावी, यासाठी समोर पटांगण लागतंच. पुढे त्याच गांधी मैदानावर सभा झाल्या आणि संध्याकाळी चौपाटीच्या गाड्या लागल्या. दाखवायची जागा लोकांनी बोलायची आणि खायची करून टाकली.

राज्यकर्त्यांना हे नेहमीच माहीत होतं. स्पेनच्या राजाने १५७३ मध्ये अमेरिकेतल्या वसाहतींसाठी नगररचनेचे नियम काढले. त्यात चौकाची लांबी रुंदीच्या निदान दीडपट हवी असं लिहिलं होतं आणि कारणही दिलं होतं: घोड्यांचे सोहळे अशा चौकात चांगले होतात. किमान माप २०० बाय ३०० फूट. पॅरिसमध्ये १८५३ पासून ओस्मान या सरकारी प्रशासकाने गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले. गटारं, हवा, उजेड ही कारणं खरीच होती, पण अरुंद गल्लीत फरसबंदीचे दगड रचून लोक सैन्याला अडवत, आणि रुंद रस्त्यात ते जमत नाही, हेही तितकंच खरं. सगळ्यात उघड उदाहरण बहारीनचं. २०११ च्या फेब्रुवारीत मनामा शहरातल्या पर्ल चौकात आंदोलक येऊन बसले. १८ मार्चला सरकारने चौकातलं स्मारकच पाडून टाकलं, आणि पुढे तो चौक जाऊन तिथे सिग्नलचं जंक्शन झालं. आंदोलन मोडायला आधी पोलीस आले, मग स्थापत्य अभियंता.

आपल्याकडे असं काही पाडावं लागत नाही. १९४२ मध्ये त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात मोर्चे गेले ते मामलेदार कचेऱ्यांवर, आणि वडूजला ९ सप्टेंबरला गोळीबार झाला. आजही मोर्चा चौकातून निघतो आणि कलेक्टर कचेरीच्या गेटवर संपतो. सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, फक्त वाजवी नियमन करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये अहमदाबादच्या हिंमतलाल शहा खटल्यात सांगितलं आहे. पण व्यवहारात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं जमावबंदीचं कलम ३७ पुरतं. ‘जिल्ह्यात ३७ (१) (३) लागू’ ही बातमी सातारा-सांगलीकरांना पाठ आहे. एक आदेश १५ दिवसांचा, आणि सणवार, निवडणूक, परीक्षा काही ना काही चालूच असतं. त्याच्या जोडीला रचना. चौकाच्या मधोमध हिरवळ, भोवती चार फुटी लोखंडी कठडा, आत ‘प्रवेश बंद’ची पाटी. पाचशे माणसं उभी राहतील अशी जागा या तीन गोष्टींनी पन्नासवर येते आणि कोणाला त्यात राजकारण दिसतही नाही. मोठी सभा मग मैदान शोधते. १८ ऑक्टोबर २०१९ ची शरद पवारांची पावसातली सभा आठवा. तीही चौकात नव्हती, जिल्हा परिषदेच्या मैदानावर होती.

पैसा कुठल्या खिशातला

इथे जरा थांबून बघू, कारण चौकाची निम्मी कहाणी हीच आहे.

सातारा नगरपालिका काय किंवा १९९८ मध्ये झालेली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका काय, दोघींचं हक्काचं मोठं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, विकास शुल्क आणि गाळ्यांचं भाडं. जकात गेली, नंतर तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आता महापालिकेला सरकारकडून भरपाईचा हप्ता येतो. पगार, पेन्शन, वीजबिल आणि कचरा उचलणं यातच तो बहुतेक संपतो. मग मोठं बांधकाम कशातून? नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, खासदार निधी. आमदाराला आणि खासदाराला वर्षाला प्रत्येकी ५ कोटी मिळतात. या पैशाला दोन अटी चिकटलेल्या असतात. एक लिहिलेली: ठरलेल्या मुदतीत खर्च करा. दुसरी न लिहिलेली: काम दिसलं पाहिजे, त्यावर कोनशिला बसली पाहिजे. गटाराच्या चेंबरवर कोनशिला बसत नाही.

कामाचा प्रवास ठरलेला असतो. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, बिल. अंदाजपत्रक दरसूचीवरून बनतं. दरसूची म्हणजे सरकारने प्रत्येक बांधकाम बाबीचा ठरवून दिलेला दर. त्यात ग्रेनाइटची लादी चौरस मीटरला आहे, कठडा किलोला आहे, पेव्हर आहे, दिव्याचा खांब आहे. सावलीत बसलेलं माणूस कुठल्याच बाबीत मोजता येत नाही. झाड लावणं बसतं. पुढची पाच वर्षं त्याला पाणी घालणं ठेकेदाराच्या बिलात क्वचित बसतं. म्हणून चौकात दगड वाढतो आणि सावली कमी होते. कोणी झाडांचा द्वेष करत नाही, झाडाचं बिल निघत नाही एवढंच.

कारंज्याचं गणित करून बघा. ५ एचपीची मोटर म्हणजे ३.७ किलोवॅट. रोज संध्याकाळी ४ तास चालवली तर दिवसाला १५ युनिट, महिन्याला ४५०. वीजदर युनिटला १० रुपये धरला तर साडेचार हजार. ही रक्कम मोठी नाही, पण तिला हेड नाही. कारंजं आलं विशेष अनुदानातून, वीजबिल जाणार विद्युत विभागाच्या नेहमीच्या तरतुदीतून, आणि त्या विभागाने कारंजं मागितलेलंच नव्हतं. पहिल्या वर्षी क्षार साचून नोझल तुंबतात. दुसऱ्या वर्षी मोटर जळते. मग हौदात पावसाचं पाणी साठतं, आरोग्य विभाग डासांची अळी सापडली म्हणून नोटीस काढतो, तीही आपल्याच पालिकेला. शेवटी हौदात माती भरून शोभेची झाडं लावतात. त्यासाठी पुन्हा निविदा. मंजुरीच्या वेळीच पाच वर्षांचा देखभाल खर्च वेगळा काढून ठेवला नसेल तर कारंजं मंजूर करू नये, इतकं साधं हे आहे.

आता चौकाची कमाई. चौकाला लागून असलेल्या जागेचा भाव आतल्या गल्लीपेक्षा जास्त असतो. रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी जमीनदरांच्या, तक्त्यातही रस्त्यालगतचा दर वेगळा दिसतो. चौक चांगला झाला की हा फरक वाढतो. वाढलेला भाव मालकाच्या खिशात जातो, खर्च सगळ्या शहराच्या करातून झालेला असतो. पालिकेला त्यातला वाटा मिळवायचा सोपा मार्ग दिसतो तो गाळे बांधायचा. चौकाच्या कडेला २० गाळे काढले की लिलावात अनामत एकरकमी हातात येते आणि त्या वर्षीचं अंदाजपत्रक जुळतं. तोटा पुढे कळतो. करार लांब मुदतीचा असतो, भाडं बाजाराच्या मागे पडतं, मूळ गाळेधारक दुसऱ्यालाच चालवायला देऊन मधलं भाडं खातो, आणि गाळ्याची पायरी, शेड, शोकेस मिळून पदपथ संपतो. अनामत एकदाच येते, पदपथ कायमचा जातो.

चौक रुंद करायला जमीन घ्यायची झाली तर आणखी कठीण. समजा १,००० चौरस मीटर हवेत आणि बाजारभाव चौरस मीटरला ३०,००० रुपये आहे. किंमत ३ कोटी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरात त्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे एकूण ६ कोटी, बांधकामाचा एक रुपया खर्च होण्याआधी. पैसे नसले की पालिका मालकाला टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) देऊ करते: इथली जमीन द्या, तेवढं बांधकाम दुसरीकडे करा. पुण्या-मुंबईत टीडीआर हातोहात विकला जातो. सातारा-सांगलीत जिथे मूळ एफएसआयच, म्हणजे भूखंडावर मिळणारं बांधकामाचं प्रमाणच, पुरेसा वापरला जात नाही, तिथे तो विकत कोण घेणार? मालक रोख मागतो, पालिकेकडे रोख नसते, आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, विकास आराखड्याच्या नकाशावर रंगीत चौकोन म्हणून पडून राहतं. दहा वर्षं उलटली की मालक महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देतो. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. अनेक शहरांतल्या बागा, मंडया आणि वाहनतळ असेच गेले. पाडले नाहीत, तारीख चुकली.

खासगी बिल्डरकडून सार्वजनिक जागा मिळवण्याची युक्ती न्यूयॉर्कने १९६१ मध्ये काढली. इमारतीपुढे एक चौरस फूट मोकळी जागा लोकांसाठी सोडा, सगळ्यात दाट भागात त्याबदल्यात १० चौरस फुटांपर्यंत जास्त बांधकाम घ्या. जागा भरपूर सुटल्या, पण बऱ्याच रिकाम्या राहिल्या. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने तासन्‌तास कॅमेरे लावून माणसं मोजली. निष्कर्ष हसू येईल इतका साधा होता: माणसं तिथेच बसतात जिथे बसायला जागा असते. १९७५ मध्ये नियम आला की प्लाझाच्या, म्हणजे अशा मोकळ्या जागेच्या, दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक हवीच. आपल्याकडे ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या रेखांकनात (लेआउटमध्ये) १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती कुठे सुटते ते कुठल्याही नव्या कॉलनीत जाऊन बघा. मागच्या कोपऱ्यात, त्रिकोणी, ओढ्याच्या कडेला. रस्त्याकडेचा तुकडा विकायला ठेवलेला असतो.

माणसाला किती पीसीयू?

वाहतूक अभियंता वेगवेगळी वाहनं एका मापात आणतो. त्या मापाला पीसीयू म्हणतात, म्हणजे एका मोटारीएवढी जागा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या कोष्टकात मोटार १, दुचाकी ०.५ ते ०.७५, बस २.२ ते ३.७. हातगाडी २ ते ३. पायी चालणारा या कोष्टकात नाहीच.

हे नीट बघा. ५० प्रवाशांची बस जास्तीत जास्त पावणेचार मोटारींएवढा अडथळा मोजली जाते. तिच्यातल्या ५० माणसांना वेगळं वजन नाही. दोन चौरस मीटरची केळ्यांची गाडी दोन ते तीन मोटारींएवढी अडचण ठरते. रस्त्यावर हळू चालणारी गाडी मागच्यांना अडवते, त्यामुळे वाहतुकीपुरतं हे खोटं नाही. पण याच आकड्यांवर चौकाचा आराखडा उभा राहिला की उत्तर प्रश्न विचारतानाच ठरलेलं असतं: गाड्या वेगाने निघाल्या पाहिजेत, बाकीचे बाजूला.

वर्तुळाकार बेट, ज्याला आपण आयलंड म्हणतो, त्याचंही तसंच. जुन्या भारतीय मानकाप्रमाणे तासाला ५०० ते ३,००० वाहनं असतील तिथे बेट चालतं. त्यापुढे गाड्या एकमेकींत अडकतात आणि सिग्नल लागतो. मात्र बेट मोठं केलं की गोल फिरणाऱ्या गाडीचा वेग वाढतो. सुशोभीकरणाला जास्त जागा मिळावी म्हणून बेट मोठं केलं तर ओलांडणाऱ्याचा धोका वाढतो, हे नकाशा रंगवताना कोणाच्या लक्षात येत नाही.

सिग्नलची वेळ घड्याळ लावून तपासता येते. मानकात चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. १४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला १२ सेकंद. गुडघेदुखीच्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालतात, त्यांना साडेसतरा. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा १० सेकंदांचा असेल तर आजी रस्त्याच्या मध्यावर अडकतात. उपाय महाग नाही: मध्ये निदान सव्वा मीटर रुंदीचा उंचवटा ठेवायचा, म्हणजे ओलांडणं दोन टप्प्यांत होतं. पदपथाची मोकळी रुंदी वस्तीत १.८ मीटर आणि बाजारात २.५ मीटर हवी, कडेचा दगड १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको. तो ३० सेंटीमीटर ठेवतात, कारण मग गाड्या वर चढत नाहीत. पण मग म्हाताराही चढत नाही. तो खालून, गाड्यांमधून चालतो आणि अपघात झाला की पादचाऱ्याची चूक ठरते.

पेव्हर ब्लॉकबद्दल दोन शब्द जास्त, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच. पायी चालायच्या जागी ६० मिलिमीटर जाडी पुरते, रिक्षा-टेम्पो चढणार असेल तर ८०, अवजड वाहनाला १००. ब्लॉकखाली २० ते ४० मिलिमीटर वाळू, तिच्याखाली दाबलेला खडी-मुरुमाचा थर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कडेला काँक्रीटचा पक्का बांध. बांध नसला की ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात, पाणी आत जातं, वाळू वाहते. पातळी जुळवायला खडीऐवजी १०० मिलिमीटर वाळू टाकली तरी हेच होतं. सांगलीकडच्या काळ्या मातीत तर ब्लॉक उन्हाळ्यात खचतात आणि पावसाळ्यात फुगतात, कारण माती पाणी पिऊन फुगते. तिथे माती निदान फूट-दीड फूट काढून मुरूम भरल्याशिवाय काम करूच नये. साताऱ्याचा प्रश्न वेगळा. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचं शहर, पाणी जोरात येतं. चौकाच्या वरच्या अंगाला आडवी जाळीची गटार नसेल तर पहिल्या वळवात सांध्यातली वाळू खालच्या पेठेत.

आणि गणपती. मंडप येणार हे माहीत असूनही चौकाच्या आराखड्यात मंडप नसतो. मग दरवर्षी पहार घालून ब्लॉक फोडतात आणि दंड कोणाकडून घ्यायचा यावर वाद. त्यापेक्षा बांधतानाच दीड-दोन फूट खोल, चार इंची पाइपची तोंडं ठरावीक अंतरावर बसवून झाकणं लावावीत. खांब पाइपात, झाकण कोठीत, दहा दिवसांनी चौक होता तसा. वरून जाणाऱ्या तारा मिरवणुकीच्या रस्त्यावर जमिनीखाली घ्यायच्या असतील तर हे खोदाईच्या वेळीच, नंतर नाही.

हातगाडी, पुतळा, फलक

एका मोटारीला उभं राहायला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा द्यावी लागते. हातगाडी १.२ बाय १.८ मीटरची. एका मोटारीच्या जागेत हातगाड्या पाच बसतात आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला थोडी जागाही उरते. मोटार चार तास फुकट उभी राहते, गाडीवाला रोज बैठक फीची पावती फाडतो. तरीही अतिक्रमण म्हणतात ते हातगाडीलाच.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने हे बरंच बदलायला हवं होतं. नगर पथविक्रेता समिती, तिच्यात ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातल्या एक तृतीयांश महिला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवायचं नाही; हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत, इतर माल दोन कामकाजी दिवसांत. अडतं ते सर्वेक्षणात आणि त्यानंतरच्या ‘फेरीवाला क्षेत्रा’त. क्षेत्र नकाशावर तिथे रंगवलं जातं जिथे कोणाची हरकत येत नाही, आणि हरकत येत नाही कारण तिकडे कोणी फिरकत नाही. फेरीवाला गिऱ्हाइकाच्या पायवाटेवर बसतो. ती वाट एसटी स्टँडपासून शंभर पावलं दूर नेली तर धंदा निम्म्यावर येतो, मग तो परत जुन्या जागी येतो, मग पुन्हा कारवाई. जागा ठरवण्याआधी दोन दिवस माणसांची वर्दळ मोजली तर हा खेळ टळतो. आणि पाणी व स्वच्छतागृह द्या. दिवसभर चौकात बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी दुपारी पाणी का पीत नाहीत, हे सुशोभीकरणाच्या प्रस्तावात कोणी लिहीत नाही.

पुतळ्याचा विषय भावनेचा आहे, पण त्याचा रचनेवरचा परिणाम कोरडा आहे: पुतळा एकदा बसला की तो हलत नाही, रस्त्यालाच त्याच्याभोवती वळावं लागतं. पुढच्या ५० वर्षांची रुंदी, सिग्नलची जागा, पुलाचा खांब सगळं त्या एका चौथऱ्यावरून मोजलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ ला आदेश दिला की रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक सोयीच्या जागांवर यापुढे पुतळे किंवा बांधकामाला राज्यांनी परवानगी देऊ नये. राज्याच्या धोरणातही जागेची मालकी, पोलिसांचं आणि जिल्हा प्रशासनाचं मत, मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता अशी पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे. चौथरा रस्त्याच्या मधोमध असला की जयंतीला हार घालायलाही वाहतूक थांबवावी लागते. तोच पुतळा कडेच्या बागेत, लोकांना पायी जवळ जाता येईल असा ठेवला तर मान कमी होत नाही, मुलांना पायथ्याचा मजकूर वाचता येतो.

फलकांवर मात्र साताऱ्याला स्वतःचं श्रेय घेता येईल. बेकायदा होर्डिंगविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात २०११ मध्ये गेलेली जनहित याचिका साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनची. तिच्यावर ३१ जानेवारी २०१७ ला निकाल आला आणि राज्यभरच्या पालिकांना कारवाईचे निर्देश मिळाले. निकालाची आठवण चौकाचौकांत किती राहिली ते आपण बघतोच. हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. ताशी १०० किलोमीटर वारा सुटला की वाऱ्याला आडव्या फलकाच्या दर चौरस मीटरवर साधारण ४७ किलोचा दाब येतो. २० बाय १० फुटांच्या फ्लेक्सवर पावणेनऊशे किलो. तो सुतळीने सिग्नलच्या खांबाला बांधलेला असतो.

पाणी आलं तर

सांगलीत चौकाचा विचार कृष्णेला वगळून होत नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौकात होड्या चालल्या. तरी रस्ता नवा करताना जुन्या डांबरावरच नवा थर चढवतात. एक थर ३० ते ४० मिलिमीटरचा. आठ-दहा थरांत रस्ता फूटभर वर येतो आणि दुकानाचा उंबरा खाली जातो. मग महापुराची गरज नाही, तासाभराच्या पावसात पाणी आत. जुना थर खरवडून मग नवा घालणं ही बाब दरसूचीत आहे; ती अंदाजपत्रकात आहे का, हे विचारायचं. सिग्नलची पेटी आणि विजेचा फीडर पिलर (रस्त्याकडेची वीजवाटपाची पेटी) २०१९ च्या पाणीखुणेच्या वर बसवायचे. चौथरा दोन-चार फुटांनी उंच करायचा खर्च पूर ओसरल्यावर नवी पेटी घेण्यापेक्षा नक्कीच कमी.

कुठे बोट ठेवायचं

काम सुरू झाल्यावर ओरडून फारसं होत नाही. पहिली वेळ विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हाची: हरकत-सूचनेसाठी ३० दिवस, लेखी, नकाशावरचा आरक्षण क्रमांक टाकून. दुसरी वेळ कामाला प्रशासकीय मान्यता मिळण्याआधी, सभेच्या विषयपत्रिकेवर विषय आला की. तेव्हा नगरसेवकाला एकच गोष्ट विचारा: देखभालीचं हेड कोणतं? काम झाल्यावर माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि दोषदायित्व कालावधीची शेवटची तारीख मागा. त्या तारखेच्या आत उखडलेला ब्लॉक ठेकेदाराने स्वखर्चाने बसवायचा असतो. तारीख गेली की आपल्या करातून.

चौकाची मालकी एकाची नसते, म्हणून अर्ज कोणाकडे हेही आधी बघा. राज्यमार्ग असेल तर डांबरी भाग सार्वजनिक बांधकामचा, पदपथ पालिकेचा, सिग्नल चालवणार वाहतूक पोलीस, खांब महावितरणचा, झाड वृक्ष प्राधिकरणाचं. ‘आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर पाचही ठिकाणी मिळू शकतं, आणि बहुधा पाचही जण खरं बोलत असतात. एकाच अर्जाच्या पाच प्रती काढून प्रत्येकावर इतर चौघांची नावं लिहावीत.

काँक्रीट ओतण्याआधी वाळूची पोती, रिकामे ड्रम आणि चुन्याच्या रेषा टाकून नवा आकार महिनाभर चालवून बघता येतो. खर्च हजारांत, आणि वळताना बसचं मागचं चाक कुठे चढतं ते पहिल्याच दिवशी कळतं. या महिन्यात मोजणी स्वतः करा. एका कोपऱ्यावर १५ मिनिटं, सकाळी १० आणि संध्याकाळी ६ ला: चालणारे किती, ओलांडणारे किती, बसलेले किती, गाड्या किती. एकदा बाजाराच्या दिवशी, एकदा शाळा सुटताना आणि एकदा जुलैत भर पावसात. निधी ३१ मार्चच्या आत संपवायचा म्हणून बहुतेक आराखडे कोरड्या महिन्यांत तयार होतात, आणि छत्री उघडलेल्या माणसाला किती रुंदी लागते हे त्यात धरलेलं नसतं.